अर्थिंगची तहान

मंदाताई, पंखा आता इतका जोरात फिरतो की भिंतीवरचं कॅलेंडर दिवसभर फडफडत राहतं. तुझ्या खोलीतलाही तसाच फिरतो. रशीदभाई वायरमनने गेल्या आठवड्यात खांबापासून नवी तार ओढली, बटण दाबलं, आणि पंख्याने असा आवाज काढला की मी दचकून दारात जाऊन उभी राहिले. तीन वर्षं या खोलीत राहते मी. हा पंखा असा फिरू शकतो हे मला माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं. पंखा जुना आहे, याच्यात एवढाच दम आहे, असं धरून आपण चाललो होतो. त्यातून अजून मंदावला, तर अर्थिंगला पाणी घालायचं.

आता पाणी घालावं लागत नाही. तरी सकाळी हात तांब्याकडे जातोच. मग मी तांब्या परत पालथा घालते.

तू अर्थिंगच्या तारेला हात लावलास आणि गेलीस. हे वाक्य मी या पंधरा दिवसांत कितीतरी लोकांना सांगितलं, आणि दर वेळी मला ते दुसऱ्या कुणाबद्दलचं वाटलं. परवा तुझी तेरवी झाली. काल आमच्या झेरॉक्सच्या दुकानात एका बाईने पिशवीतून कापड काढलं आणि विचारलं, "इथं जवळपास ब्लाऊज शिवणारी कोणी हाय काय वं?" मी पटकन म्हणाले, "आमच्या शेजारी आहेत नं मंदाताई." ती पत्ता विचारायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं. पुढे मी तिला काय सांगितलं, मला आठवत नाही. ती गेली. माझ्या हातात कोणाचा तरी उत्पन्नाचा दाखला होता आणि तो मी उलटा धरला होता.

तू मला 'मॅडम' म्हणायचीस. पहिल्या दिवसापासून. मी किन्हीराजाहून सामान घेऊन आले, तेव्हा भांडी लावायच्या आधी मी भिंतीला खिळा ठोकला आणि पदवीची फ्रेम टांगली. तू दारातून पाहत होतीस.

"हे काय हाय वं?"

"पदवी आहे. बी.ए.ची."

"म्हंजे तू मॅडम झाली. आमच्या लायनीत आजपावतो एकबी मॅडम नव्हती."

टिंगल होती की कौतुक, मला कळलं नाही. दोन्ही असावं. पण मला आवडलं, आता लपवून काय करू? माझ्या घरात माझ्या आधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नाही. आई-बाबा सहा-सहा महिने ऊसतोडीला जायचे, मी मावशीकडे राहून शिकले. त्या फ्रेमचा मला अभिमान आहे. होता. आहे. आज तिच्याकडे पाहवत नाही, एवढंच.

मॅडम झाल्यावर लोक सगळं घेऊन येतात. गोळ्यांचं पाकीट, बँकेची नोटीस, फवारणीची बाटली, बंद पडलेला मोबाइल. "पाहून दे वं, काय लिवलं त्याच्यावर." माझं बी.ए. मराठी आणि इतिहास घेऊन झालेलं. पण शिकलेल्या माणसाला 'मला माहीत नाही' म्हणायची सोय नसते. म्हणजे मला तसं वाटायचं. एकदा का तसं म्हटलं, की लोक म्हणतील, मग बापानं ऊस तोडून हिला शिकवलं कायले?

तुला तसं कधी वाटलं नाही. तुला आठवतं का, गेल्या गणपतीच्या आधी एक बाई रेशमी कापड घेऊन आली होती? मोबाइलमध्ये गळ्याचा फोटो होता, मागून जाळीचा, पुढून कसला तरी कट. तू फोटो पाहिलास, कापड दोन बोटांत चोळून पाहिलंस, आणि घडी घालून तिच्या हातात परत दिलंस.

"हा गळा मले येत नाही बाई. दुसरीकडं द्या."

ती गेल्यावर मी तुझ्यावर चिडले. म्हटलं, असं तोंडावर कोणी सांगतं का? मोबाइलवर पाहून शिवला असता. लोक म्हणतील, मंदाताईला काही येत नाही.

"म्हनू दे नं. येत नाही तं येत नाही. कापड एकदा कापलं का कोनाले जोडता येते वं मॅडम?"

दोन दिवस आपण त्यावर भांडलो. मी तुला धंदा शिकवत होते. तू मशीन चालवत हसत होतीस, तोंडात टाचण्या धरून. ते भांडण तसंच राहिलं. मी हरले, हे मला तुला सांगायचं होतं.

आपली ही तीन खोल्यांची टिनाची लाईन अण्णांच्या वडिलांनी बांधलेली. अण्णा घरमालक, मागच्या घरात राहतात, माणूस वाईट नाही. वायरिंगही वडिलांच्याच वेळचं. लाकडी पट्टीवर ठोकलेल्या तारा, काळी गोल बटणं, त्यातलं एक दाबलं की दुसऱ्या खोलीत उजेड. अंगणात मोरीच्या बाजूला हातभर वर आलेला लोखंडी पाइप आणि त्याला गुंडाळलेली तार. ती आपली अर्थिंग. उन्हाळा लागून माती सुकली की पंखे मंद व्हायचे, तुझ्या मशीनची मोटर घरघरायची आणि तू आतून ओरडायचीस, "अर्थिंगले तहान लागली वं!" दोन तांबे पाणी ओतलं की पंखा उचल घ्यायचा. एक दिवस तुझी पाळी, एक दिवस माझी. साऱ्या गल्लीला हे ठाऊक होतं. आमच्या गावच्या घरीही बाबा असंच करायचे. कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. ज्याला हे माहीत, तो हुशार.

पाणी घालताना तू चप्पल काढायचीस. आधी तुळशीला, मग त्याच तांब्याने अर्थिंगला. दसऱ्याला मशीनला हळदकुंकू लावलं की तेच बोट त्या पाइपाला लावून यायचीस, वर झेंडूचं फूल.

"मंदाताई, तो लोखंडाचा पाइप आहे. देव नाही."

"मले काय ठावं नाही काय पाइप हाय म्हनून? पन आपल्याले सांभाळते नं तो? जो सांभाळते त्याच्यापुढं चप्पल घालून कायले उभं राह्याचं?"

अर्थिंग माणसाला सांभाळते, हे तर शाळेच्या पुस्तकातही होतं.

रोजच्या पाण्याने त्या पाइपाशेजारी मिरचीचं झाड आपोआप उगवलं. भर मे महिन्यात अंगणात हिरवं असं तेवढंच. तू त्याचा ठेचा करून भाकरीवर घालून आणायचीस आणि म्हणायचीस, "करंटची मिरची हाय मॅडम, सांभाळून खा." दर वेळी तोच विनोद, आणि दर वेळी दीपा म्हणायची, "आई, झाला नं आता जुना." तुझी दीपा. तिचे बाबा तिकडे पुण्याकडे वॉचमन, म्हणून या अंगणात तुम्ही दोघी आणि मी. दीपाची बारावीची परीक्षा चालू असताना तू मशीन बंद ठेवून हाताने काजं करत बसायचीस. तिला आवाज नको म्हणून. आणि माझ्याकडे बोट दाखवून तिला सांगायचीस, "हिच्यासारकी हो."

आता ते सांगते, जे सांगायला मला एवढे दिवस लागले.

होळी झाली आणि तू कूलर बाहेर काढलास. दोन दिवसांनी माझ्या दारात आलीस.

"मॅडम, कूलर झिनझिन्या देऊन राह्यला. पत्र्याले हात लागला का चटकन बसते. पाहून दे बरं."

मी दुकानातून टेस्टर आणला. तू, दीपा आणि शेजारची एक बाई, तिघी उभ्या होतात. मी टेस्टर पत्र्याला लावला. आत दिवा लागला, मंद, लालसर. तो लागला म्हणजे काय, मंद लागला म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं. मंदाताई, मला खरंच ठाऊक नव्हतं. आमच्या दुकानात मशीन दुरुस्तीला येणारा एक माणूस कधीतरी म्हणाला होता, 'इंडक्शनचा करंट आहे, काही होत नाही.' तुम्ही तिघी माझ्या तोंडाकडे पाहत होतात. तो शब्द माझ्या तोंडात तयारच होता.

"इंडक्शन आहे," मी म्हणाले. "बारीक करंट. काही होत नाही. चप्पल घालून हात लावत जा, झालं."

"आसं काय," तू म्हणालीस. तो शब्द तू दोन-तीनदा पुटपुटलास, पाठ करावा तसा.

तेवढ्यावर राहिलं असतं, तरी कदाचित तू आज असतीस. चार दिवसांनी अण्णा अंगणात आले. अण्णा स्वतःहून कधी दुरुस्तीचं नाव काढत नाहीत. पण त्या दिवशी काढलं.

"मंदाबाई, कूलर करंट मारते म्हने तुमचा? रशीदले बोलावू का? पाहून जाईन तो."

"कायले बोलावता अण्णा? आमच्या मॅडमनं पाह्यलं. इंडक्शन हाय ते."

किती ऐटीत म्हणालीस ते. जसं काही मी तुझीच मुलगी होते आणि मी पहिला नंबर काढला होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात केस विंचरत होते. त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं, अण्णा, बोलवा रशीदभाईंना, मला नक्की माहीत नाही.

मी मान हलवली. 'हो, पाहिलंय मी' अशी. अण्णा गेले.

मी स्वतःला सांगते, मी चप्पल घालायला सांगितलं होतं. तुझे पाय अनवाणी होते, माझा काय दोष? पहिले तीन दिवस मी याच वाक्यावर जगले. पण ते मी कूलरसाठी सांगितलं होतं. अर्थिंगपुढे तू चप्पल घालणार नाहीस, हे मला तीन वर्षं माहीत होतं.

त्या सकाळी मी आरशापुढे केसांना तेल लावत होते. सात वाजले असतील. पंखा मंदावला आणि थांबला.

"मंदाताई, पंखा बंद पडला वं!" मी आतूनच ओरडले.

"पायतो, थांब. तार निंगाली आसन."

हे तुझं शेवटचं बोलणं. मला वाटायचं, माणसाचं शेवटचं बोलणं काही वेगळं असतं. तुझं हे आहे. पायतो, थांब.

मग पंख्याने एक अर्धवट गिरकी घेतली आणि परत थांबला. मला वाटलं, तू तार बसवते आहेस. काही आवाज झाला नाही. हेच मला अजून समजत नाही. माणूस जातो तर काही तरी आवाज नको का व्हायला? तांब्या नाही पडला, तू नाही ओरडलीस. मी तेल लावत राहिले. आणि मी काय केलं सांगू? मी पुन्हा ओरडले, "अजून नाही झाला चालू!"

तू बोलली नाहीस म्हणून मी बाहेर आले.

मिरचीच्या झाडाशी तू आडवी होतीस. हातात तार. दीपा नळावरून हंडा टाकून धावत आली, मी तिला कमरेला धरलं, ती माझ्या हाताला चावली. मागून अण्णा ओरडत आले, "हात नका लावू! कोनी हात नका लावू तिले!" त्यांनी मेन स्विच ओढला. नंतर दवाखाना. नंतर केनवड, तुझं सासर. नंतर काय काय झालं, ते माझ्या डोक्यात तुकड्या-तुकड्यांनी आहे. नीट आठवतात त्या तुझ्या चपला. मोरीच्या कट्ट्याजवळ, जोडीने, नीट काढून ठेवलेल्या.

त्या दिवशी पाळी तुझीच होती. मी कॅलेंडरवर बोट ठेवून तीनदा मोजलं. माझी असती तर बरं वाटलं असतं की अजून वाईट, ते कळत नाही. पण तुझीच होती.

रशीदभाई तिसऱ्या दिवशी आले; दीपाही त्या दिवशी केनवडहून कागद न्यायला आली होती. त्या पाइपासमोर बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग खांबाकडे पाहिलं, मग भिंतीतल्या डब्याचं झाकण काढलं.

"दुसरी तार कुठाय, अण्णा?"

अण्णा म्हणाले, "कोनती दुसरी?"

रशीदभाईंनी झाकण खाली ठेवलं. "करंट एका तारेनं घरात येते अन् दुसरीनं परत जाते. ती परतीची तुमची कवाची तुटून पडली. मंग कोनीतरी जुगाड केला, तिचं काम अर्थिंगच्या तारेवर टाकून देल्लं. पंखे, कूलर, मशीन, सगळ्याचा करंट ह्या पाइपातून जमिनीत जाऊन राह्यला होता. म्हनून तं पानी टाकलं का तुमचा पंखा पळे. माती सुकली का त्याले जायले जागा नाही. मंग तो कूलरच्या पत्र्यावर येऊन बसे. अन् तारच निंगाली, तं सगळा तिच्या टोकावर उभा." त्यांनी पाइपाकडे बोट केलं. "बाईनं अर्थिंगची तार म्हनून हात लावला. तिची काय चूक? अर्थिंगच्या तारेत कवाच करंट नसते. पन हे अर्थिंग राह्यलंच नव्हतं न बापा."

मग त्यांनी विचारलं, "कूलर आधी शॉक देत होता का?"

"देत होता," दीपा म्हणाली.

"मंग तवाच काहून नाही बोलावलं मले? तो कूलर बोंबलून सांगून राह्यला होता!"

दीपाने खाली पाहिलं. "आई म्हने, काही होत नाही."

तिने माझं नाव घेतलं नाही. मी तिथेच उभी होते, तिच्यापासून दोन हातांवर. मीही घेतलं नाही.

मंदाताई, तू ज्याच्यापुढे चप्पल काढायचीस, तो तुला सांभाळत नव्हता. सगळ्या घराचा करंट तो पोटात घेऊन उभा होता, आणि आपण त्याला रोज पाणी पाजून अजून एक दिवस ढकलत होतो. ही गोष्ट मला दिवसातून कितीतरी वेळा नव्याने समजते, आणि दर वेळी मी आहे तिथे उभी राहते. कालच दुकानात गिऱ्हाईक म्हणालं, "मॅडम, काय झालं?" मी लॅमिनेशनच्या मशीनवर हात ठेवून उभी होते.

आणि लोक काय म्हणाले ते ऐक. केनवडला भेटायला येणारा जो तो एकच वाक्य. तुझे मोठे दीर तर रोज, जो नवा माणूस येईल त्याच्यापुढे: "अडानी बाई. तारेले कोनी हात लावते काय? चार बुकं शिकली असती तं वाचली असती." आणि मग माझ्याकडे बोट. "हे पाहा, हे पोरगी शिकलेली. हिनं लावला असता काय हात?"

मी दुकान सुटलं की तिथे जायचे. चहाचे कप उचलायचे, धुवायचे, परत मांडायचे. दीपा भिंतीला टेकून ऐकायची. तिच्या आईला अडाणी म्हणत होते आणि पुरावा म्हणून मला दाखवत होते.

खरं सांगू? मी लावला असता हात. लावला आहे. माझ्या पाळीला ती तार दोनदा निघाली होती आणि मी ती परत गुंडाळली होती. मी का वाचले, मला माहीत नाही. चपलेमुळे असेल, लाईट गेली असेल त्या वेळी. हुशारीमुळे नक्की नाही.

तेरवीला जेवणं झाली. माणसं ओसरीत सुपारी कातरत बसली होती, बाया आतल्या दारात. तुझ्या दिरांनी परत सुरू केलं, "अडानी..." माझ्या हातात ताटांची चळत होती. ती मी खाली ठेवली.

"काका, मंदाताई अडाणी नव्हत्या," मी म्हणाले. "कूलर शॉक मारतो हे त्यांनी ओळखलं होतं. विचारलं पाहिजे हे त्यांना कळलं होतं. त्यांनी विचारलं. मला. मी सांगितलं, काही होत नाही. मला माहीत नव्हतं तरी सांगितलं. अण्णा वायरमन आणत होते, तेव्हाही मी मान हलवली. माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवला म्हणून गेल्या त्या."

सुपारी कातरायचा आवाज बंद झाला. कोणी तरी म्हणालं, "जाऊ दे माय, नशीब असते एकेकाचं." मी म्हणाले, नशीब नाही, मी सांगितलं ना आता. अण्णा खाली मान घालून म्हणाले, "घर माहं. तिनं काही सांगो, मीच आनाले पायजे होतं रशीदले." तुझ्या दिरांनी परत तो शब्द काढला नाही, निदान मी असेपर्यंत.

दीपा उठली आणि आत गेली.

तेरवीनंतर तिला इथे मालेगावात परत आणलं, तेव्हापासून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी डबा ठेवायचे दारात, ती घ्यायची, रिकामा डबा दारात ठेवायची. तिचे बाबा तिला पुण्याला नेणार की ती इथे राहून कॉलेज करणार, मला विचारायचा हक्क नव्हता. तुझ्या मशीनखाली माझ्या ब्लाऊजची एक बाही अजून तशीच आहे, सुई कापडात रुतलेली. दार उघडं असलं की मला ती दिसते. ती दुसऱ्या कोणाकडून मी पुरी करून घेणार नाही, मंदाताई.

आज सकाळी दीपा अंगणात आली. रशीदभाईंनी घराच्या दुसऱ्या अंगाला नवी अर्थिंग केली आहे, खोल, वर सिमेंटचं झाकण. मीटरजवळ एक नवं बटण बसवलंय, कुठे करंट गळला की आपोआप खाली पडतं. जुन्या पाइपाची तार त्यांनी काढून टाकली, पण पाइप काही उपटेना, तो तसाच आहे. आणि त्याच्याजवळचं मिरचीचं झाड सुकायला लागलंय. आता तिथे कोणी पाणी घालत नाही ना.

दीपाच्या हातात तुझा तांब्या होता. तुळशीला तिने पाणी घातलं. मग ती त्या झाडाकडे गेली, थांबली, आणि तिने चप्पल काढली.

"दीपा, थांब!"

सगळ्या लाईनीला ऐकू जाईल असं ओरडले मी. ती वळली. दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं तिने.

"काहून? आता काय हाय तिथं? आता होते काय काही?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, मंदाताई. जसं त्या दिवशी होतं. 'आता काही होत नाही.' तार काढली होती, मी डोळ्यांनी पाहिली होती, वाक्य खरंही असेल. ते जिभेवर आलं होतं आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, तुझ्यासारखीच.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

मी फोन काढला आणि रशीदभाईंना लावला, तिलाही ऐकू जाईल असा.

"रशीदभाई, त्या जुन्या पाइपाजवळ अनवाणी उभं राहून पाणी घातलं तर चालतं का?"

त्यांना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं. मग म्हणाले, "पाइपाले एकबी तार नाही नं? हात न लावता पाहून सांगा."

मी वाकून सगळीकडून पाहिलं. "एकही नाही."

"नवं बटन वर हाय का?"

दीपाच जाऊन पाहून आली. "वर हाय," ती फोनकडे तोंड करून म्हणाली.

"मंग घाला पानी. झाडच हाय ते आता. अन् कवाबी विचारत जा, लाजू नका."

दीपाने तांब्या वाकवला. पाणी हळूहळू मातीत गेलं. मी माझी चप्पल काढली, तिच्या चपलेशेजारी जोडीने ठेवली आणि जाऊन तिच्या बाजूला उभी राहिले. तिने मला जागा दिली.

माती गार होती, मंदाताई.